चादरीचं दुसरं टोक

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मुकादमबाई वाळवणयंत्रातून काढलेली चादर गालाला लावून बघत होत्या. हाताला कोरडी लागणारी चादर कधी कधी गालाला ओली लागते. तशीच घडी करून कपाटात गेली तर तिला कुबट वास येतो आणि वरच्या मजल्यावरच्या परिचारिका अख्खा गठ्ठा परत खाली धाडतात.

रुग्णालयाच्या तळघरातलं हे धुलाईघर. एका भिंतीला धुण्याची मोठी यंत्रं, समोर वाळवणाची, मध्ये घड्या घालायची तीन टेबलं. यंत्रांची घरघर दिवसभर चालू आणि बायकांच्या गप्पा त्याहून वरच्या पट्टीत. चादरीची घडी एकटीला जमत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची. एकीने मोठ्याने ‘हं’ म्हणायचं आणि त्याच क्षणी दोघींनी चादर झटकायची, की सुरकुत्या जातात. मग चालत जवळ यायचं आणि टोकांना टोकं जुळवायची. ‘हं’ चुकला, तर एकीच्या झटक्याने दुसरीच्या हातातली टोकं निसटतात. जमिनीला टेकलेली चादर पुन्हा धुवायला जाते. त्यात सूट नाही.

त्या दिवशी करवतीसमोर उभं राहायला कुणी तयार नव्हतं. करवत म्हणजे पन्नाशी ओलांडलेली, हाडापेराने मजबूत बाई. कामाला वाघ, पण तोंडाने असं नाव कमावलेली. तिच्या टेबलाशी चादरी हातातून पडत आणि पडली की दोष समोरचीचा. “हात आहेत की लोण्याचे गोळे?” हे त्यातल्या त्यात सौम्य. कुणी काही विचारलं तर उत्तर नाही आणि दोघी जणी हसल्या तर आपल्यालाच हसल्या असं धरून ही त्यांच्या अंगावर जाणार. धुलाईघरातल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत बोलक्या बाईने, जिला सगळ्या ठेंगणी म्हणत, सर्वांच्या वतीने निकाल देऊन टाकला होता: ही कापते ती कापते, वर भुसाही आपणच झाडायचा, आता पुरे.

मागणी साधी होती. करवतीला कायमचं मागच्या खोलीत पाठवा. तिथे मळक्या कपड्यांची वर्गवारी चाले. ते एकटीचं काम. एरवी सगळ्या पाळीपाळीने करत. वरच्या दारातून भरलेल्या ट्रॉल्या उतारावरून खाली सोडल्या जात. सोडणारा “ट्रॉली” म्हणून आरोळी ठोके आणि खालची बाई बाजूला होई. धुलाईघराच्या साहेबांनी दुपारपर्यंत मुकादमबाईंचं मत मागितलं होतं. त्या हो म्हणाल्या की विषय संपला.

आणि त्या हो म्हणणार होत्या. मागच्या वर्षी त्यांची लेक नवऱ्याचं घर सोडून माघारी आली, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना करवत म्हणाली होती, “आम्हाला घड्या शिकवतात आणि घरची विस्कटली ती दिसली नाही.” मुकादमबाईंनी डबा बंद केला. दिवसभर त्याला हात लावला नाही.

पण मत दुपारी द्यायचं होतं आणि चादरी सकाळीच हव्या होत्या. म्हणून त्या स्वतः करवतीसमोर उभ्या राहिल्या. पहिली चादर पडली. दुसरी कशीबशी वाचली. करवत म्हणाली, मुकादम वशिल्याने होता येतं, घडी वशिल्याने येत नाही. शेजारच्या टेबलावर ठेंगणीने डोळे आढ्याकडे फिरवले.

पुढच्या चादरीला भोक निघालं. फाटक्या चादरींना लाल दोऱ्याची खूण करायची असते. मुकादमबाईंनी दोरा तोडून दातात धरला, खूण केली, उरलेला दोरा दातातच राहिला. पुढची चादर घेतल्यावर त्यांना ‘हं’ म्हणता येईना, म्हणून नुसती हनुवटी हलवली. झटका अचूक बसला. पुढचाही. दोरा दातात होता तोवर एकही चादर पडली नाही आणि करवत एकही शब्द वाकडा बोलली नाही.

त्यांनी दोरा काढून टाकला. मान खाली घालून, चांगलं मोठ्याने ‘हं’ म्हटलं. ठेंगणीने वळून बघितलं. करवत टोकं धरून तशीच उभी.

टोकं जुळवायला जवळ आलं की करवत अर्धं पाऊल मागे सरके. आमच्या अंगाचा हिला वास येतो, असा ठेंगणीचा त्यावर जुना राग होता. मुकादमबाईंनी आता नीट पाहिलं. करवतीची नजर त्यांच्या ओठांवर होती. फार जवळून ओठ दिसत नाहीत.

चहाच्या सुट्टीत त्यांनी तिला कपाटांच्या आडोशाला गाठलं, समोर उभं राहून सावकाश विचारलं, “कधीपासून ऐकू येत नाही?”

“माझे कान बरे आहेत. तुमचंच तोंड लहान आहे.”

मुकादमबाई तिथून हलल्या नाहीत. करवतीने चहा संपवला, रिकाम्या पेल्यात बघत राहिली. मग म्हणाली, “कोणाकोणाला सांगितलंत?”

“अजून कोणाला नाही. पण साहेबांना सांगणार. मागच्या खोलीत ट्रॉलीची हाक तुला ऐकू येणार नाही. पाळीपुरतं आजवर निभावलं असेल, रोजचं निभणार नाही.”

“सांगा की. सगळ्या त्याचीच वाट बघतायत. बहिरी म्हणून घरी बसवतील, म्हणजे तुमचंही समाधान.”

समाधान झालं असतं, हे मुकादमबाईंना नाकारता येईना. चादरी का पडतात ते कळलं होतं, न दिलेल्या उत्तरांचंही कळलं होतं. डब्यावरच्या त्या बोलण्याचं काय? त्याचा कानांशी काही संबंध नव्हता. ते करवतीचं स्वतःचं होतं, कान सुधारले तरी राहणारं. ती माफी मागणार नव्हती आणि मुकादमबाईही तिला माफ करून आल्या नव्हत्या. पण माणूस कडू आहे म्हणून त्याला ट्रॉलीखाली उभं करता येत नाही.

दुपारी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी विचारलं, कान तपासेपर्यंत तिला ठेवायचं कुठे? टेबलावरच, त्या म्हणाल्या, ‘हं’ऐवजी मान हलवायची, कामात खोट येणार नाही.

“पण तिच्यासमोर उभं कोण राहणार?”

“मी.”

“तुम्हाला तर तिचा सर्वांत जास्त त्रास आहे.”

“आहेच. समोर असली की निदान कधी बोलणार ते आधी दिसतं.”

साहेब हसले आणि त्यांनी फोन उचलून वरच्या विभागात वेळ ठरवली.

टेबलाशी परतल्यावर मुकादमबाईंनी करवतीला वेळ सांगितली. ती म्हणाली, डॉक्टरांना काय कळतंय. मग चादरीची आपली दोन टोकं उचलून ती त्यांच्या हनुवटीकडे बघत उभी राहिली. ठेंगणी पुटपुटली, बाईंना आता काय झालंय. मुकादमबाईंनी तिलाही एक काम नेमून दिलं, त्यावर ती बराच वेळ धुसफुसली.

उद्या सकाळी साडेसहाला दोन नंबरच्या टेबलावर मुकादमबाई आणि करवत. नऊ वाजता करवत तिसऱ्या मजल्यावर, कान-नाक-घसा विभागात. मागच्या खोलीत, पाळीप्रमाणे, ठेंगणी.