हिरव्या नळीतली गावरान अंडी

“आधी खा, मग बोल,” तुळजाबाई दारात आलेल्या प्रत्येकाला म्हणायच्या. विजेचं बिल वाटणारा असो की जागा बघायला आलेला बिल्डर, हातात बशी पडल्याशिवाय त्याला तोंड उघडू द्यायच्या नाहीत. खराडीच्या जुन्या गावठाणात त्यांचं घर. मागे काचेचे मनोरे उठले. दुपारी त्यांचा लखलखाट परसात सांडे आणि त्या उजेडात कोंबड्या निवांत माती उकरत बसत.

तनुजा या कोंबड्यांची अंडी न्यायची. जवळच्या प्रयोगशाळेत ती क्षयाच्या जंतूंवर संशोधन करत होती. हे जंतू अंड्यांवर वाढवतात. पण कोंबडीला औषधं दिलेली असली, तर त्या अंड्यावर ते धरत नाहीत. तुळजाबाईंच्या कोंबड्या ज्वारीवर आणि किड्यांवर वाढलेल्या. प्रयोगशाळेतली पोरंच अंडी खातात, असं मात्र बाई धरून चालल्या होत्या.

एका सकाळी त्यांनी विचारलं, “उकडून खाता का आमलेट करून?”

“आम्ही नाही खात, मावशी. टीबीच्या जंतूंना घालतो,” तनुजा सहज बोलून गेली.

तुळजाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“ह्या कोंबड्या मी कशापायी पाळल्या, ठावं हाय तुला?” त्यांनी ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे, सोनबांकडे, बोट केलं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत सोनबांना टीबी झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, अंडी खा म्हणाले. बाईंनी माहेराहून कोंबड्या आणल्या. सोनबा उठले, ते आजवर ठणठणीत. “ज्यानं ह्यांच्या छातीत घर केलं, त्याला मी जेवू घालू?”

“दारचं कुणी उपाशी धाडलं नाहीस आजवर,” सोनबा पेपरातून मान वर न करता म्हणाले. “आता एका जंतूपायी नाव घालवतेस.”

“तुम्ही गप बसा.”

तनुजाचं काम अडलं. बाजारातल्या अंड्यांवर एकही जंतू धरेना. काही आठवड्यांनी ती पुन्हा ओसरीवर आली. “तुमच्या शेवटच्या अंड्यांचं काय झालं, तेवढं येऊन बघा. मग खुशाल नाही म्हणा.”

तुळजाबाई सणाचं हिरवं लुगडं नेसून निघाल्या. मागोमाग सोनबा.

जंतूंच्या खोलीत बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. तिघं जाड काचेपाशी उभी राहिली. आतल्या मुलीनं दोन बंद नळ्या उचलून दाखवल्या. दोन्हींत अंड्यात रंग घालून थिजवलेला हिरवागार थर. एका नळीत त्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे पिवळट जंतू माजले होते. दुसरीतला थर कोवळ्या रानासारखा स्वच्छ.

“हितं का न्हाय उगवलं?”

“इथल्या जंतूंचं एक एन्झाइम आम्ही बंद पाडलंय. अन्नाची ताकद करणारं. ते थांबलं, की अन्न पुढ्यात असून अंगी लागत नाही. तेच बंद पाडणारं औषध आम्हाला शोधायचंय.”

तुळजाबाईंनी काचेवर त्या नळीसमोर बोट टेकवलं. “म्हंजे ताट वाढलेलं हाय.”

“हो.”

“माज्याच अंड्याचं.”

“हो, मावशी.”

“आन् मेल्याला घास पचंना.”

पदर तोंडाला लावून त्या हसायला लागल्या, आणि हसू थांबेना. काचेआडची मुलगीही मास्कमागून हसली.

“मला नाही कधी हिरवी अंडी करून घातलीस,” सोनबा म्हणाले.

“तुम्हाला पांढरी पचत्यात. तीच खावा.” मग त्या काचेशी वाकल्या आणि स्वच्छ नळीतल्या न दिसणाऱ्या पाहुण्याला मायेनं म्हणाल्या, “आधी खा बाबा, मग बोल.”

“मावशी, अंडी?” तनुजानं भीतभीत विचारलं.

“सकाळी ये. पिशवी मोठी आण.”

खुराड्याचं दार लावायचं राहिलं होतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या पोरापोरींच्या गर्दीतून त्या लुगड्याचा काष्टा सावरत झपाझप निघाल्या. नवऱ्यासाठीसुद्धा थांबल्या नाहीत. सोनबा आणि तनुजा फाटकाशी उभे राहून बघत होते. लुगड्याचा हिरवा रंग मनोऱ्यांच्या काचांत एकेक करून उमटत गेला आणि गावठाणाच्या बोळात शिरला.