डोमाजीने मागितलेली पेटी

छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीने पहिलं काम केलं ते डफडं फोडण्याचं. चामडं कुऱ्हाडीने फाडलं, कडं नाल्यात फेकलं. आमच्या वस्तीने गावाच्या लग्नांत, मयतींत पिढ्यान्‌पिढ्या वाजवलं होतं. बोलावलं की जायचं, वाजवायचं आणि वाजवून झालं की दूर बसायचं. आता कोणी वाजवायचं नाही, असं वस्तीने ठरवलं. डोमाजी आर्णीपर्यंत नाव असलेला वाजवणारा, पण फोडण्यात तोच पहिला होता.

साताठ वर्षांनी हाच माणूस शाळेत संगीत सुरू करा म्हणून हात धुऊन मागे लागला, तेव्हा आमची माणसं चिडली. त्याची पोर नलू बुद्धवंदना म्हणायला लागली की बाया हातातलं काम थांबवायच्या. तिला पेटीवर शिकायचं होतं. तांड्यावरून शाळेत येणारे हरिसिंग गुरुजी शिकवायला तयार होते, फक्त शाळेत पेटी नव्हती.

"वाजवणं सोडलं ना आपन? मंग पोरीले पुन्हा तेच कायले?" वस्तीतला म्हातारा उकंडा म्हणाला.

"बोलावलं की जाऊन वाजवणं सोडलं, बुढ्या. शाळेत शिकते ते बोलावणं नसते," डोमाजी म्हणाला.

मला ते पटलं होतं. आजही पटतं.

शाळा कमिटीचे विठ्ठलराव म्हणजे 'पाहू' म्हणण्यात वस्ताद. डोमाजी कापसाच्या गाड्या भरून आला की अंगावरचा कापूस न झटकता त्यांच्या ओट्यापुढे उभा राहायचा. ते म्हणायचे, पाहू. तो म्हणायचा, पाहा. शेवटी त्याला टाळण्यापेक्षा पेटी मागवणं सोपं झालं असावं. चौसष्ट साली पेटी आली आणि तिच्या उद्घाटनाला यवतमाळचे साहेब यायचे ठरले.

त्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांनी डोमाजीला बोलावलं. ओट्यावर एक नवं डफडं ठेवलेलं होतं.

"साहेबाले वाजवत आना लागते. तुह्यासारखं वाजवनारं कोन हाय इथं? पेटी तुह्याच पायी आली ना? नाही म्हनशीन तं जाऊ दे पेटी वापस."

गुरुजी तिथेच होते. ते खाली पाहत राहिले. डोमाजीने मनाशी हिशेब केला असणार, की हे शाळेचं काम आहे, गावाचं नाही, आणि एकदाच तर करायचं आहे. भला माणूस, तिथेच फसला. त्याने डफडं गळ्यात घातलं आणि मोटारीपासून शाळेच्या फाटकापर्यंत वाजवत गेला. फाटकात स्वागतगीत म्हणणाऱ्या पोरींच्या पुढे नलू उभी होती. साहेब आत गेले, आणि डोमाजीला फाटकाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळाला.

पेटी वाजली. पोरी गायल्या. नलूचं तोंड मिटलेलंच होतं.

संगीताचा तास सुरू झाला. नलू रोज पुढे बसायची आणि गप्प राहायची. गुरुजींनी समजावलं, रागावले, मग त्यांनीही सोडून दिलं. घरी डोमाजीने विचारलं, "काहून गात नाहीस वं?"

"तुले बोलावलं, तू गेला. उद्या मले बोलावतीन."

हे त्याने मला पारावर सांगितलं. मला रडू आलं, पण त्याचे डोळे कोरडे होते. "राग नाही, काही नाही. काहीच वाटून नाही राह्यलं गा," तो म्हणाला आणि बिडी पेटवायची विसरून तशीच हातात धरून बसला.

पेटी पुढे चांगली चालली. तांड्यावरची भुरी त्याच पेटीवर शिकली आणि कळंबहून बक्षीस घेऊन आली. तेव्हा विठ्ठलरावांनी भाषणात सांगितलं की संगीत त्यांनीच आणलं. डोमाजी मागे बसून ऐकत होता. त्याने टाळ्याही वाजवल्या.

वंदनेला नलू नुसते ओठ हलवायची. डोमाजीला गळा कधीच नव्हता. पण तेव्हापासून तो तिच्या अगदी शेजारी उभा राहू लागला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, बेसूर म्हणू लागला, तिचा आवाज येत नाही हे कोणाला कळू नये म्हणून.