पाठीवरची चेन

रायपुरात ऐन मे महिन्यात थंडीने हैराण झालेला एकच माणूस आहे, आणि तो आमच्या समोर राहतो. तेलीबांधा तळ्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असतं, कुलरसमोर बसूनही जीव नकोसा होतो, आणि तुमच्या आजोबांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती, म्हणजे आमचे समोरचे भाऊजी, वही घेऊन येतात आणि विचारतात, "वहिनी, थंड पाण्यात माणसाचे आधी पाय गारठते का हात?"

मुलांनो, रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ निर्णयाच्या बाबतीत फार काटेकोर आहेत, म्हणजे तो घेतच नाहीत. कुलर निवडायला त्यांनी दोन उन्हाळे लावले. तो घरी आला तेव्हा आम्ही स्वेटर बाहेर काढले होते. त्यांची मुलगी कॅनडात एका मोठ्या तळ्याकाठी डायव्हिंग शिकवते. तीन वर्षांपासून ती बोलावते आहे, या, आपण दोघं मिळून खाली उतरू. भाऊजींनी अंदमानला जाऊन डायव्हिंगचं प्रमाणपत्र आणलं, बैठकीत फ्रेम करून लावलं. प्रश्न राहिला एवढाच, की तिथल्या गार पाण्यात वेटसूट घालायचा की ड्रायसूट. तो तीन वर्षं राहिलाच आहे.

इंग्रजी माहितीपत्रकं वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. वेटसूट अंगाला घट्ट बसतो, आत थोडं पाणी शिरतं आणि अंगाच्या उबेने कोमट होतं. ड्रायसूटमध्ये पाणी शिरतच नाही, आत लोकरीचे कपडे घालून कोरडं राहायचं. पाणी बर्फासारखं असेल तर ड्रायसूट घ्यावा, हे माझ्यासारख्या जन्मभर बादलीत आंघोळ करणाऱ्या बाईलाही पहिल्या दिवशी कळलं. पण भाऊजींना प्रयोग हवा होता. जानेवारीत त्यांनी गच्चीवर निळा ड्रम मांडला आणि गुढियारीहून बर्फाच्या लाद्या आणवल्या. पहिल्या दिवशी वेटसूट म्हणून आखूड झालेला स्वेटर घालून आत बसले, दुसऱ्या दिवशी ड्रायसूट म्हणून रेनकोट, मनगटांना सायकलच्या ट्यूबचे रबर बांधून. मी घड्याळ धरून उभी. दोन्ही वेळा चार मिनिटांत बाहेर आले. विज्ञानाला काय लाभलं ठाऊक नाही, भाऊजींना सर्दी लाभली. वहीत नोंद झाली : दोन्ही सूट बरोबरीचे.

मग गेल्या महिन्यात, भाऊजी आमच्याच व्हरांड्यात बसलेले असताना, मुलीचा फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. "पापा, जून के बाद मैं ये जगह छोड़ रही हूँ. संडे तक सूट बता दो, नहीं तो रहने दो."

ते 'रहने दो' मलाही लागलं. मी म्हटलं, भाऊजी, रायपुरात बसून गारठ्याचा एवढा अभ्यास कोणी केला नसेल. आता ड्रायसूट म्हणून टाका. ते वहीचा कोपरा मुडपत राहिले.

"वहिनी, वेटसूटची चेन मागून दोरीनं आपली आपल्याले ओढता येते. तिच्याकडच्या ड्रायसूटची पाठीवर आडवी राहते. दुसऱ्यानंच लावून द्यावं लागते."

"मग?"

"पोट्टीले पोहणं मी शिकवलं. आता तिच्यापुढं पाठ करून उभा राहू, लहान लेकरावानी?"

तर तीन वर्षांचा बर्फ हा असा होता. माझ्या जिभेवर दोन-तीन टोमणे तयार होते, ते तसेच राहिले. मी विचारलं, शाळेत जाताना तिच्या फ्रॉकची मागची बटणं कोण लावायचं?

"मीच. तिची आई सकाळच्या शाळेत शिकवायले जाये ना."

"गप उभी राहायची?"

"कायची राहते. अर्ध्यातूनच पळे."

आणि बराच वेळ स्वतःशीच हसत बसले. शनिवारीच त्यांनी तिला कळवलं, ड्रायसूट. चक्क एक दिवस आधी.

काल फोटो आला. तळ्याकाठी लाकडी फळ्यांवर भाऊजी पाठमोरे उभे आहेत, मान खाली, आणि मुलगी दोन्ही हातांनी चेन ओढते आहे. चेहरा दिसत नाही. पण अगदी गप उभे आहेत.

समोर कुलूप आहे. तुमचे आजोबा तेलीबांध्याला एकच चक्कर मारून परत येतात, दुसरीला बोलायला कोणी नसतं म्हणतात.

तुमच्याकडे यायचं तर तिथल्या थंडीत मला जाड कोट लागेल की पातळ, हे दोन वर्षं मीही ठरवतेच आहे. माप खाली लिहिलं आहे, जाडच घ्या. माझी बोटं आता बटणांना नीट वळत नाहीत, तेवढी तुम्ही लावून द्या.