बारदानाची वीण

"लाल रंग उनानं मरत नाय, मानसाच्या कालजीनं मरतो," असं काशिराम घरत एकदा म्हणाला होता. पनवेलच्या नाक्यावरच्या हॉटेलात, चहा बशीत ओतता ओतता. ऐकणारे हसले. काशिराम थट्टा करणारा माणूस नव्हे हे ठाऊक असूनही हसले. त्याने बशी संपवली, तोंड पुसलं आणि तो उठून गेला. कुणी काही विचारलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, खांदा दुखणाऱ्या माणसाला कोण काय विचारणार?

त्या हॉटेलच्या पलीकडे, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, चार खांबांवर पत्रे टाकलेली त्याची शेड होती. घाट चढण्याआधी गाड्या नाक्यावर थांबत, इंजिनं निववत, पाणी भरत. इंजिनं बघणारे तिथे तिघे होते. रंग बघणारा काशिराम एकटा. शेडीमागे मोठं जांभळाचं झाड होतं, पण त्याखाली तो कुणाला गाडी लावू देत नसे. "पाखराची शीट उनापरीस वाईट," तो म्हणे. "ऊन सावकाश खातं. ही एका दिसात खाते."

त्याचा जन्म उलव्याच्या बाजूचा, खाडीकाठचा. आजा मिठाच्या आगरात, बाप आगरात, धाकटा भाऊ आनंदा अजूनही आगरात. काशिराम मात्र लढाईच्या दिवसांत मुंबईला गेला आणि लष्करी मोटारींच्या कारखान्यात लागला. चार वर्षं त्याने एकच रंग मारला, चिखलासारखा हिरवा. रात्री डोळे मिटले तरी आत तोच असे. एकदा कुणा साहेबाची लाल गाडी आली आणि तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ती त्याच्या हाती दिली. त्या दिवशी काशिराम जेवायचं विसरला. मिस्त्री म्हणाला होता, काळा-पांढरा घरची माणसं, लाल पाहुणा. त्याची बडदास्त ठेवली नाही तर तो न सांगता निघून जातो.

खरंच तसंच होई. दोन उन्हाळ्यांत लालाचं पाणी जाई. तिसऱ्यात त्यावर साय धरल्यासारखं काही येई, बोट फिरवलं की गुलाबी भुकटी लागे. मालक म्हणत, रंग गेला. काशिराम म्हणे, वरचा मेला आहे, खालचा जिवंत आहे. मग गोड्या पाण्याने गाडी धुवायची, सावलीत सुकवायची, मऊ फडक्यावर घासायचा मलम घेऊन सरळ रेघेत घासायचं. गोल फिरवलं तर उन्हात कोळ्याची जाळी दिसते. फडकं लाल होत जातं, ते मेलेलं. कडांना हात हलका, कारण तिथे रंग पातळ. फडक्यावर राखाडी दिसलं की थांबायचं. ते रंगाखालचं अस्तर, त्याच्या पुढे पत्रा. शेवटी मेण. हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. या गावात त्याचं म्हणून जे काही होतं ते एवढंच. "लालाचं काशिरामला विचारा," असं लोक म्हणत.

म्हणूनच डॉक्टर कमळाकरांनी त्याला विचारलं होतं.

डॉक्टरांचा दवाखाना बाजारपेठेच्या टोकाला, घर त्याच्याच मागे. लाल विलायती गाडी त्यांनी हौसेने घेतलेली. आदल्या वर्षी वादळात गाडीवरचं छप्पर उडालं, आणि नवं होईपर्यंत गाडी अंगणात उघडी राहणार होती. काशिराम म्हणाला, बारदान टाका, दुपारी वरून पाणी शिंपडा, पत्रा थंड राहील. बारदानंही त्यानेच आणून दिली, आनंदाच्या आगरातली, धुऊन. गोणपाटाचे दोन-दोन तुकडे सुतळीने मधोमध जोडून घेतले. डॉक्टरांचा ड्रायव्हर दयाराम, साताऱ्याकडचा. त्याला काशिरामने स्वतः दाखवलं, बॉनेटवर आणि वरच्या टपावर कसं टाकायचं, कुठून बांधायचं.

छप्पर काही झालं नाही. वर्ष गेलं. चैत्रातल्या एका सकाळी दयाराम गाडी घेऊन शेडीत आला. चेहरा उतरलेला.

"काशीदादा, बघा हे."

बाजू लाल होत्या. बॉनेट आणि टप मात्र पांढुरके पडले होते, कोड फुटल्यासारखे.

"साहेब म्हनतात, मी बारदान टाकलंच न्हाई. गाडी उन्हात सोडून पत्ते कुटत बसतो म्हनतात. दादा, एक दीस चुकवला न्हाई मी. बायकोला, वेणूला ताप आला तवाबी आधी बारदान टाकलं, मग तिला बघितलं."

"मग तसं सांग त्येंना."

"सांगितलं की. साहेब म्हनाले, बारदान टाकलं असतं तर रंग गेला असता का? काशिरामनं सांगितलेलं खोटं कसं होईल? न्हाईतर मग तू खोटा."

काशिराम गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"रविवारी साहेबांच्या लेकीच्या, शांतीताईच्या साखरपुड्याला पुण्याला जायचंय. तवर गाडी नीट करा म्हनाले. मला म्हनाले, पुण्याहून आलो की तुझं तू बघ." दयाराम हसायला गेला, ते जमलं नाही. "दवाखान्यामागची खोलीबी गेली. वेणूला सातवा लागलाय. अवघडलेल्या बाईला घेऊन कुठं हिंडू?"

तो टपावर बोट फिरवत होता. चाळा म्हणून त्याने ते जिभेला लावलं आणि पचकन थुंकला.

"दादा, खारट लागतंय हो!"

काशिरामने बोट फिरवलं, जिभेवर टेकवलं. त्याला काही लागलं नाही. पुन्हा टेकवलं. नाही. त्याच्या जिभेला मीठ कधी वेगळं लागलंच नव्हतं. घाम, वारा, भाकरी, आईचा हात, सगळ्यांत ते होतं.

"खाडीचा वारा असंल, न्हाई का?" दयारामचा आवाज एकदम वर चढला. "सांगा की साहेबांना, वाऱ्यानं झालं!"

"वारा बाजूंना नाय लागत काय?" काशिराम म्हणाला. दयारामने गाडीच्या लाल बाजूंकडे पाहिलं.

दुपारी काशिराम जेवायला घरी गेला. पाड्यावरचं घर दोन खोल्यांचं. बायकोने, गुणाबाईने ताट वाढलं. भाकरी मोडून तो तसाच बसून राहिला.

"गेल्या साली डाक्टरची बारदानं कशात धुतली गं आपुन?"

"खाडीत. मंग कशात?"

"तलावाच्या पान्यात नाय?"

गुणाबाई मोठ्याने हसली. "तलावाचा पानी बारदानाला? डोक्यावर कोन आननार, तुमी? प्यायचा पानी हाय तो!"

"मीठ गेला व्हता काय त्यातला?"

"मीठ कशाला जातंय? चिखल गेला, बारदान धुतला. तुमी काय आज आगरात जन्मलाव?" मग त्याच्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "काय झालं वो?"

"काय नाय."

खरंच काही झालं नव्हतं. आगरातल्या माणसांसाठी चिखल म्हणजे घाण. मीठ म्हणजे घाण नव्हे. आज्याने अशीच बारदानं धुतली, बापाने अशीच. ती खाडीतून काढून दगडावर आपटली, वाळत घातली, की झाली स्वच्छ. गोडं पाणी बायकांच्या डोक्यावरून येतं, ते माणसांसाठी. या स्वच्छपणात कुठे काही चुकलं असेल असं काशिरामला वर्षभर सुचलं नाही. आणि वरून त्याने दयारामला पाणी शिंपडायला सांगितलं होतं. दयाराम रोज दुपारी, एक दिवस न चुकवता, ते मीठ भिजवून लालावर सोडत होता.

तीन दिवस काशिराम त्या गाडीवर होता. पहिला दिवस नुसता धुण्यात गेला, वडाळे तलावाच्या पाण्याने, बादलीमागून बादली. दुसऱ्या दिवशी घासायला घेतलं. खांदा ठणकायला लागला की डाव्या हाताने घासायचं, डावा थकला की पुन्हा उजव्याने. फडकं पांढुरकं, मग गुलाबी, मग लाल. टप आला. बॉनेट हळूहळू आलं. खालचा लाल वर येत होता, पण नेहमी त्याला पाहून होणारा आनंद झाला नाही. जबानीला बोलावलेला साक्षीदार यावा तसा तो येत होता.

शनिवारी उन्हं कलल्यावर तो खाली वाकून तिरपं बघायला लागला. बॉनेटवर वीण उमटली होती. उभे-आडवे बारीक धागे, आणि मधोमध सुतळीच्या टाक्यांची रेघ. समोरून दिसत नव्हती. तिरपं, कुणी दाखवलं तरच.

अजून घासलं असतं तर अस्तर लागलं असतं. शेडीत लाल रंगाचा डबा होता. बॉनेटला नवा हात मारला तर सकाळपर्यंत सगळं बुजलं असतं. वीण, टाके, आनंदाचं आगर, सगळं. काशिरामने डबा उघडला, काठीने ढवळला. ताजा, ओला, चार वर्षांच्या हिरव्यानंतर पहिल्यांदा पाहिलेला तसा लाल. बराच वेळ तो काठीवरून थेंब पडताना बघत बसला. नवा लाल जुन्याशेजारी ठिगळासारखा दिसतो, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि झाकण ठोकून बसवलं. मग मेण चढवलं.

रविवारी सकाळी गाडी डॉक्टरांच्या अंगणात उभी होती. डॉक्टर जरीकाठी उपरणं घेऊन बाहेर आले आणि थबकले.

"वा! काशिराम, अरे, तू जादूगार आहेस. मी तर म्हटलं होतं, गेली." त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला. "हे बघ दयाराम, हे काम म्हणतात. तुला साधं झाकायला सांगितलं होतं."

दयाराम मान खाली घालून चाकाकडे बघत होता.

"साहेब, झाकत होतो."

"पुरे! पुण्याहून आलो की तुझं तू बघ, हे सांगितलंय मी. काशिराम, तूच सांग याला. तुझी बारदानं गाडीवर असती तर हा रंग गेला असता का?"

दयारामने वर पाहिलं. तीस वर्षांत काशिरामला कुणी असं, सगळ्यांदेखत, विचारलं नव्हतं: तूच सांग. उत्तर एका शब्दाचं होतं.

तो अंगणाच्या कोपऱ्यात गेला. तिथे बारदानं होती, दयारामने नीट चार घड्या करून ठेवलेली. त्यातलं एक त्याने उचललं, बॉनेटवर पसरलं, सरकवलं. सुतळीचे टाके बॉनेटवरच्या रेघेवर आले. त्याने एक टोक उलटं धरलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून वाकले. तिरपे वाकले. एकदा बारदानाकडे बघितलं, एकदा पत्र्याकडे. टाक्याखाली टाका होता.

"म्हणजे हे... रोज होतं इथे?" ते म्हणाले.

काशिरामने बारदान उचललं आणि एकदा झटकलं. त्याच्या तीन दिवसांच्या लालावर पांढरे कण पडले. डॉक्टरांनी एक बोटावर घेतला, जिभेला लावला. त्यांचा हात तसाच तोंडाशी राहिला.

"दयाराम," ते हळू आवाजात म्हणाले, आणि पुढचे शब्द शोधू लागले. मग वळून, "काशिराम, अरे, ही बारदानं तर तू..."

काशिरामने बारदानाची घडी घातली, दयारामने घातली होती तशीच, आणि ती पायरीवर ठेवली. खांद्यावरचं मेणाचं फडकं काढून घडीवर ठेवलं. दयाराम काही बोलायला पुढे आला. काशिराम त्याच्या बाजूने गेला, फाटकाची कडी काढली, बाहेर आला, कडी परत लावली आणि बाजारपेठेच्या उन्हात चालू लागला.