लाल किती टक्के?

रंगाच्या दुकानातल्या वहिनींवर मालकाचा भलताच भरवसा. "मागच्या वर्षीचा तो गुलाबी," एवढंच गिऱ्हाईक म्हणायचं, की वहिनी डावा डोळा मिटून, कुठलाही नमुना न बघता, नुसत्या आठवणीनं डब्यात थेंब सोडायच्या आणि शेड हुबेहूब! रंग मिसळायचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं.

आणि मग एकाच आठवड्यात तीन डबे परत आले. एका बाईंची फिकट गुलाबी भिंत लालभडक झाली होती. "तुमच्याच डोळ्यांत दोष आहे!" वहिनी बाईंवरच उखडल्या. घरी नवऱ्यानं भीतभीत डब्याचं लाल झाकण पुढे धरलं. "अगं, एकेक डोळा झाकून बघ बरं."

डाव्याला झाकण लाल, उजव्याला पार विटलेलं. लाल कमी दिसतो म्हणून वहिनी आपल्या ओततच सुटल्या होत्या!

"मेंदूवरच्या आवरणाला सूज आहे," दवाखान्यात स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच त्याच्यावर उलटल्यात. डोळ्याची नस दबतेय. वेळीच आवरलं नाही, तर दुसरा डोळाही जाईल."

"म्हणजे भाऊबंदकीच की!" वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण नवऱ्याचा हात काही सोडेनात.

डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या बाटलीचं लाल टोपण धरलं. "डाव्याला हा शंभर टक्के लाल, तर उजव्याला किती?"

"तीस. वर किंचित राखाडी."

"अहो, लोक नुसतं 'कमी' म्हणतात!" डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

पाच दिवस सलाइनमधून औषध, मग गोळ्या. तोंड सुजलं, झोप उडाली, नवऱ्याशी रोज दोनदा भांडण होऊ लागलं. पण लाल ऐंशीवर आला. तेवढ्यात मालकाचा निरोप आला, "सोमवारी या, नाहीतर यंत्र सुरू करतो."

शनिवारी पुन्हा तपासणी होती. "आज शंभर म्हणालात, तर गोळ्या कमी करू आणि तुम्ही कामाला मोकळ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शंभर म्हणून टाक," नवरा कानात कुजबुजला. वहिनींच्याही अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी डावा डोळा झाकला, टोपणाकडे पाहिलं आणि त्यांना रडूच कोसळलं.

"साठ. रंगाच्या बाबतीत खोटं नाही हो बोलता येत मला."

डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब फोन उचलला. "आजच दाखल करून घ्या, सूज परत चढतेय." मग वहिनींकडे वळून म्हणाल्या, "शंभर म्हणाला असतात, तर मी घरी सोडलं असतं. महिन्याभरात डावाही गेला असता."

नवऱ्यानं मालकाला फोन लावला. "यंत्र सुरू करा."