भांगाच्या दिवसांची गोळी

सुक्या मासळीच्या गावात "मीठ कमी खा" असं सांगत फिरणं काय असतं, ते मी स्वतः करून पाहिलंय. झाईत ज्या घरी जावं तिथे अंगणात बोंबील टांगलेले, ओट्यावर खारे बांगडे पसरलेले, आणि त्यांच्या मधोमध उभी राहून मी सांगतेय की मावशी, ताटात वरून मीठ घेऊ नका. मावश्या हसायच्या. एकीने तर समुद्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "आधी त्याला सांग."

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या बारावीमुळे. मी माहेरची डहाणू रोडची, स्टेशनाजवळच्या चाळीत वाढलेली. लग्न होऊन झाईला आले तेव्हा मला मासळी नीट साफ करता येत नव्हती, आणि ही गोष्ट माझ्या सासूबाईंनी पार उंबरगावच्या गिऱ्हाइकांपर्यंत, त्यांच्या गुजरातीत, पोचवली होती. पण उपकेंद्राच्या सिस्टरना मासळी साफ करणारी नको होती. त्यांना बीपीचं मशीन नीट लावून आकडे लिहून घेणारी, आणि बायकांचं बोलणं ऐकून न चिडणारी कोणीतरी हवी होती. पहिलं मला जमत होतं. दुसऱ्याबद्दल त्यांनी मला आधी विचारलं नाही, हे बरं झालं.

ठरलं असं की वाडीतल्या बायकांनी देवळापुढच्या मांडवात जमायचं, बीपी मोजून घ्यायचं, गोळ्या घ्यायच्या, आणि चालणं, मीठ, चहातली साखर यावर चार गोष्टी बोलायच्या. एक सोमवार सोडून एक सोमवार. पहिल्या सोमवारी मी, सिस्टर आणि देवळातली मांजर अशा तिघी होतो. दुसऱ्या खेपेला मांजरही आली नाही. मी घरी येऊन भांडी आदळायला लागले तर सासूबाई शांतपणे जवळा पाखडत म्हणाल्या, "सोमवार काय तुझ्या माहेरी. आमच्यात वारानं दिवस कोण मोजतो? भांगावर ठेव, सगळ्या येतील."

भांग म्हणजे काय ते मला लग्नानंतरच कळलं होतं. अमावास्या-पुनवेला समुद्राला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा होड्या जातात, जाळी भरून येतात आणि किनाऱ्यावर बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तो भांग. तेव्हा होड्या किनाऱ्याला, पुरुष जाळी विणत बसलेले आणि बायका जरा मोकळ्या. झाईतलं लग्न, बारसं, भांडण मिटवायची बैठक, सगळं भांग बघून ठरतं. बीपीची तपासणी काय वेगळी होती? सिस्टरनी कॅलेंडरवरच्या सोमवारांवर काट मारली आणि अष्टम्यांना गोल केले.

आणि खरंच मांडव भरला. इतका भरला की मला टोकन वाटावे लागले. बायका आकड्यांची अशी चर्चा करायच्या की जणू पोरांच्या परीक्षेचा निकाल लागलाय. कोणाचा वरचा आकडा जास्त आला की बाकीच्या तिला "तू तर पहिली आलीस" म्हणून चिडवायच्या. हळूहळू तरुण सुना सकाळी सुरूच्या बनाकडे चालायला जाऊ लागल्या. गाऊनवर ओढणी, पायात चपला नाहीत, तोंडाचा पट्टा पायांपेक्षा जोरात. सासूबाई ओट्यावरून बघत म्हणायच्या, "निघाल्या कोंबड्या." त्यांचं म्हणणं, जन्मभर डोक्यावर टोपली घेऊन चालले, आता रिकाम्या डोक्यानं चालायचं कशाला. तरी त्यांनी वरून मीठ घेणं सोडलं, कारण भांगाची युक्ती त्यांची होती आणि कार्यक्रम फसला असता तर नाव त्यांचंच खराब झालं असतं.

त्या थंडीत आमच्या शेजारच्या काकींना अर्धांगाचा झटका आला. बोंबील टांगता टांगता त्या खाली बसल्या आणि तोंड वाकडं झालं. वाचल्या, पण उजवा हात गेला. सासूबाई रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन त्यांना भात भरवायच्या. एकदा भाकरी थापताना मला म्हणाल्या, "मला असं कुणाच्या हातचं खायला लागू नये, एवढंच." मी त्यांना एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

भीती उगाच नव्हती. दर भांगाला त्यांचा आकडा चढाच. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे. देशावरचे, तरुण, अतिशय सभ्य, आणि मासळीच्या वासाने सुरुवातीला डोळ्यांत पाणी येणारे. त्यांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी पुन्हा चढा, पुन्हा वाढवली. इकडे घरात माझा संशय खाऱ्या बांगड्यावर. मी फडताळं उघडून बघू लागले, मडक्यांत हात घालू लागले. सासूबाई मुलाला म्हणाल्या, "तुझी बायको पोलिसात द्यायला पायजे होती." नवरा दोघींकडे बघून जाळं विणायला निघून गेला, ते त्याला बरं जमतं.

भरीस भर म्हणून त्यांना आता वाळवणीच्या जागी चक्कर यायला लागली. दोनदा बांबूला धरून उभ्या राहिल्या. मी ते डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "आजी, पुढच्या वेळी आकडा खाली आला नाही तर मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. आणि तोवर उन्हात बाजाराला बसणं बंद."

बाजार म्हणजे कासा. तिथला आठवड्याचा बाजार हे सासूबाईंचं राज्य होतं. पहाटे सुक्या मासळीच्या टोपल्या घेऊन निघायचं, बस, मग जीप, जीपवाल्याशी भांडून पुढची सीट मिळवायची. तिथे पाड्यापाड्यांतून आलेल्या बायका त्यांच्याकडूनच जवळा घ्यायच्या, सुखदुःख सांगायच्या, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलंय ते आमच्या घरी त्या दिवशी रात्रीपर्यंत कळायचं. चाळीस रुपयांचा जवळा विकायला त्या अर्धा तास बोलायच्या आणि त्या अर्ध्या तासासाठीच जायच्या, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी येऊन त्यांनी टोपल्या एकात एक घालून ठेवल्या आणि म्हणाल्या, "घरी बसून काय करू? भिंतींना जवळा विकू?" मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

पुढचा भांग यायला अजून अवकाश होता. दरम्यान मशीनचे सेल संपले म्हणून मी ते घरी आणलं होतं. नवीन सेल घातले आणि चालतंय का बघायला समोर पहिला हात मिळाला तो सासूबाईंचा. भर उधाणाचे दिवस, त्या नुकत्याच वाळवणीवरून घामेजून आल्या होत्या. आकडा आला तो बघून मी मशीनच हलवलं. चांगला आकडा. चांगला म्हणजे उलट जरा खालीच. पुन्हा लावलं, तोच. स्वतःला लावलं, माझा नेहमीचा आला. मशीन शहाणं होतं.

"आई, आज गोळी घेतली का?"

"घेतली की. आज काम हाय ना."

मी पट्टा गुंडाळत होते, तशीच थांबले. "आणि काम नसतं तेव्हा?"

"तेव्हा कशाला?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू डहाणूची पोरगी अजून शिकायचीच आहे. "होडी निघायची असली तर डिझेल घालतात. किनाऱ्याला उभ्या होडीत कोण डिझेल ओततो? भांगात माणूस बसूनच असतो. ताकदीची गोळी फुकट कशाला घालवू?"

आणि मग त्यांनी तांदळाच्या डब्यातून गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्या काढून दाखवल्या. भांगाच्या भांगाला वाचवलेल्या, जपून ठेवलेल्या, अडीअडचणीला असाव्यात म्हणून. म्हणजे आम्ही मोठ्या हुशारीने तपासणी नेमकी त्याच दिवसांत ठेवली होती, ज्या दिवसांत ही बाई गोळी घेत नव्हती. आकडा चढा दिसायचा, डॉक्टर गोळी वाढवायचे, आणि ती वाढलेली गोळी घेऊन ही उधाणात उन्हात उभी राहायची, म्हणून चक्कर. आणि मी बिचाऱ्या बांगड्यांच्या मागे लागले होते.

संध्याकाळी मी घरोघरी फिरले. निम्म्या वाडीत तेच. एकीने मला समजावलं की भांगात गोळी घेतली तर ताकद अंगात तशीच साठते आणि झोप येत नाही. सिस्टरना फोन केला तेव्हा त्या आधी बराच वेळ हसल्या आणि मग एकेका घराचं नाव लिहून घेऊ लागल्या. दुसऱ्याच दिवशी त्या आल्या, डॉक्टरांनाही घेऊन आल्या. वाळवणीच्या जागेवरच, बोंबलांच्या खाली, बायकांच्या हाताला पट्टे लागले. डॉक्टरांनी दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, कपाळाला हात लावला आणि गोळी पुन्हा लहान केली. "पण रोज, आजी. होडी जावो न जावो." ही ताकदीची गोळी नाही, ती आतल्या नळ्यांवरचा जोर कमी करते, तो जोर बसलेल्या माणसालाही असतो, वगैरे त्यांनी फार छान समजावलं.

सासूबाईंनी मान डोलावली. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय, पण त्याला होडीतलं काय कळतंय?" तरी त्यांनी गोळी रोज घेतली. पटली म्हणून नाही, बाजारासाठी. मला ते माहीत होतं आणि त्यांनाही मला ते माहीत आहे हे माहीत होतं.

पुढच्या भांगाला मांडवात त्यांनी हात पुढे केला तेव्हा सगळ्या बायका मशीनभोवती गोळा झाल्या. आकडा आला. मी दोनदा वाचला. डॉक्टर म्हणाले, "जा बाजाराला. पण सावलीत बसा, आणि पाणी पीत जा." बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ओरडलं, "आता तू शेवटची आलीस." त्या आठवड्यात सासूबाई कासाहून परत आल्या त्या रिकाम्या टोपल्या आणि तीन लग्नांच्या बातम्या घेऊन. जवळा घेणाऱ्या बायकांनाही त्यांनी विचारलं होतं म्हणे, गोळी चालू आहे का कुणाची, आणि भांगातही घेता का. त्या डोंगराकडच्या बायकांना भांगाचं काय, पण सासूबाईंनी त्यांनाही ते समजावून सोडलं.

माझ्या मनात मात्र पावसाळा होता. पावसाच्या तोंडावर मासेमारीवर बंदी लागते, होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकतात. सुकी मासळी तोवर विकून झालेली असते, मग कासाही बंद. म्हणजे त्यांच्या हिशेबाने दोन महिन्यांचा एकच लांबलचक भांग. होडी नाही, टोपली नाही, बाजार नाही. ज्यासाठी गोळी घेत होत्या ते काहीच नाही. मी सिस्टरना विचारलं काय करू, तर त्या म्हणाल्या, लक्ष ठेव. लक्ष ठेवणं मला जमतं, फडताळांवर सराव झालाच होता.

होड्या वर घेतल्या त्या दिवशी सगळी वाडी दोर ओढायला गेली होती. दुपारी घरी आलो, जेवलो. नवरा आडवा झाला. सासूबाई भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या. हातात काही नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या हातात नेहमी निदान सूप तरी असायचं. मी भांडी घासायच्या निमित्ताने दारात रेंगाळले. आठवण करून द्यावी तर मानभंग, न द्यावी तर माझा जीव वर-खाली.

त्यांनी कमरेच्या पिशवीतून पट्टी काढली, एक गोळी हातावर घेतली आणि थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग तोंडात टाकून वर तांब्याभर पाणी प्यायल्या.

माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते लपलं नसावं.

"बघतेस काय अशी?" त्या म्हणाल्या. "काम नाय, तरी मी हाय ना."