मॅटला लावलेला हात

लातूरच्या क्रीडा संकुलात कराटेची मॅट अंथरणाऱ्या माणसाला आम्ही सगळे मामाच म्हणायचो. नाव मी कधी विचारलंच नाही. मॅटचे तुकडे जोडून झाले की मामा अनवाणी प्रत्येक सांध्यावरून चालत, अंगठ्यानं चाचपत. "बोट अडकलं की पाय गेला," म्हणत. जवानीत ते जळकोटकडं कुस्त्या खेळलेले. त्यामुळं आखाड्याच्या मातीला लावावा तसा मॅटला हात लावून कपाळी न्यायचे. आम्ही पोरी हसायचो.

मग तिथंच पुरुषांची आणि महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. फायनलला माझ्यासमोर कझाकस्तानची मुलगी होती. सकाळी तिनं मामांना पाहिलं होतं. इथली रीतच वाटली असावी. मॅटवर येताना तिनं वाकून हात लावला, कपाळी नेला. मी नेहमीसारखी नुसती झुकले.

जिंकले मीच. पदक घालून मामांकडं पळत गेले. ते मॅटचे तुकडे सोडवत होते. वर न बघताच म्हणाले, "लई चांगली खेळलीस, पोरी. पर तू धा वर्सं बघायलीस, तिनं एकदाच बघितलं."

आता मी मॅटवर उतरते तेव्हा मी शिकवते त्या क्लासच्या पोरी मला हसतात.